न उघडणाऱ्या फायलींविषयी

‘फाइल पाठवली आहे’ आणि ‘फाइल मिळाली’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असूनही काम तसूभर पुढे सरकत नाही, याचा प्रत्यय मराठी मुद्रणव्यवहाराशी दूरान्वयानेही संबंध आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. लग्नपत्रिका असो, दिवाळी अंक असो, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असो की नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक असो, देवघेव रीतसर पार पडल्यावर ‘उघडत नाही’ हे तिसरे विधान येऊन थडकते, आणि तेथून पुढे ज्या संभाषणाला तोंड फुटते त्यात दोन्ही पक्ष परस्परांना मनातल्या मनात अडाणी ठरवून मोकळे होतात. पाठवणाऱ्याच्या मते ज्याच्या संगणकावर साधे कोरल, म्हणजे पत्रिका-फलक आखण्याचे कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर, नाही त्याने छपाईच्या भानगडीत पडू नये. घेणाऱ्याच्या मते ज्याला साधी फाइल पाठवता येत नाही त्याने दुकान थाटू नये. प्रस्तुत विवेचनाचा कल पहिल्या पक्षाकडे किंचित झुकलेला आहे हे आरंभीच नमूद केलेले बरे; कारणे यथावकाश येतील.

डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे व्यवहारात ज्याला डीटीपी म्हणतात ते टेबलावरच्या संगणकावर पान जुळवण्याचे तंत्र, १९८५ साली अमेरिकेतील सिॲटलच्या अल्डस या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर बाजारात आणले तेव्हापासून रूढ झाले. कंपनीने आपले नाव व्हेनिसचा विख्यात मुद्रक अल्डस मनुशियस याच्यावरून घेतले होते, आणि या मनुशियसची ख्याती अशी की १५०१ पासून त्याने अभिजात ग्रंथ लहान, हाती धरता येतील आणि प्रवासात बरोबर नेता येतील अशा आकारात छापून वाचकाची सोय केली. पुस्तक कोठेही नेता यावे यासाठी ज्याने खटपट केली त्याच्याच नावाच्या कंपनीने अशा फायली जन्माला घातल्या की त्या एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर नेल्या तरी ओळख विसरतात, हा दैवदुर्विलास त्याच्या नजरेस पडला नाही हे बरेच झाले. १९९४ साली अल्डस ही कंपनी ॲडोबीत विलीन झाली, आणि पेजमेकरची ७.० ही अखेरची आवृत्ती २००१ साली निघाली. तिला ‘नवीन पेजमेकर’ म्हणणारी मंडळी छपाईच्या धंद्यात अजून भेटतात.

या सर्व गोंधळाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती अशी की पानाची फाइल हे पान नसते. पेजमेकर किंवा त्याचा वारसदार इनडिझाइन यांच्या फायलीत रकाने किती, चौकटी कोठे, कोणती ओळ कोणत्या फाँटमध्ये, एवढाच तपशील नोंदलेला असतो. चित्राची एक पुसट, कामापुरती प्रतिमा पानावर दिसत असली तरी मूळ चित्र त्या संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर ३’ या खोपटात ‘फायनल फायनल नवीन’ अशा नावाने पडलेले असते आणि फायलीत त्याचा केवळ पत्ता असतो. या पत्त्याला लिंक म्हणतात. अक्षरांची रूपे, म्हणजे फाँट, विंडोजच्या स्वतंत्र कप्प्यात राहतात. त्या फाँटमध्ये टंकलेखन करू देणारे सॉफ्टवेअर आणखी वेगळे, आणि ते चालावे म्हणून संगणकाच्या पाठीला डोंगल नावाचे एक छोटे यंत्रकुलूप लावावे लागे, जे हरवले असता दुकानात सुतक पाळले जाई. एका पानाची फाइल दुसऱ्याकडे धड पोहोचायची तर हा सगळा लवाजमा तिच्याबरोबर निघाला पाहिजे. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘पॅकेज’ नावाची आज्ञा आहे, जी दिली असता फाइल, लिंक केलेली चित्रे आणि फाँट एका फोल्डरात गोळा होतात. पेजमेकरमध्येही तशी सोय होती. ऑपरेटर, म्हणजे डीटीपीच्या दुकानातील संगणकचालक, ही आज्ञा सहसा देत नाही, कारण ती दिल्यावर कोणकोणती चित्रे पूर्वीच हरवली आहेत याची यादी पडद्यावर येते.

चित्र हरवले तर निदान ते हरवल्याचे दिसते. फाँट हरवला असता जे दिसते त्याला मात्र उपमा नाही. युनिकोड, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रूढ होण्यापूर्वी एका फाँटमध्ये २५६ घरे असत, त्यांतली काही संगणकाने स्वतःसाठी राखून ठेवलेली असत, आणि उरलेल्या घरांत देवनागरीची पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, मात्रा आणि वेलांट्या या सर्वांना दाटीवाटीने बसवावे लागे. ही घरवाटणी प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत एक वाटणी, पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएममध्ये दुसरी, आकृतीमध्ये तिसरी, आणि हिंदी पट्ट्यात ज्याचे राज्य चालले त्या कृतिदेवमध्ये चौथी. एकाच घराण्यात सुद्धा एकवाक्यता नव्हती. आयएसएममधील ‘डीव्ही-टीटी सुरेख’ आणि ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ हे दोन फाँट दिसायला जुळे भाऊ असले तरी दुसरा द्वैभाषिक असल्याने, म्हणजे त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरांचीही सोय असल्याने, दोघांची घरे वेगळी, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या अंगावर चढवला असता नावातल्या एका ‘बी’ने काय अनर्थ होतो ते संपूर्ण परिच्छेदभर पाहता येते.

कृतिदेवमध्ये ‘विवाह’ हा शब्द लिहिला असता संगणक आपल्या वहीत इंग्रजी छोटी एफ, ओ, ओ, के आणि जी ही पाच अक्षरे मांडतो, कारण एफच्या घरात ऱ्हस्व वेलांटी राहते, ओच्या घरात व, केच्या घरात काना आणि जीच्या घरात ह. फाँट हजर असेपर्यंत पडद्यावर विवाह दिसतो. फाँट गैरहजर झाला की तेथे जे उरते ते मोठ्याने वाचले असता साधारणपणे ‘फूक्ग’ असे ऐकू येते. ‘शुभ’ची अवस्था याहून बिकट आहे, कारण तो शब्द एका अवतरणचिन्हाने सुरू होतो, मग के, क्यू, मोठी एच आणि पुन्हा के असा त्याचा प्रवास होतो, आणि त्याचा उच्चार करण्याचे धाडस अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही. न्यूजर्सीतील चुलत्यांना पुतण्याच्या पत्रिकेचा नमुना पाहून आपले नाव ‘आपले विनीत’ या सदरात योग्य क्रमांकावर आहे की नाही एवढेच तपासायचे असते. त्यांच्या पडद्यावर मात्र नाव नाही, क्रमांक नाही आणि विनीतही नाही, केवळ इंग्रजी अक्षरे, कंस व अर्धविराम यांची एक सुबक, मध्यभागी जुळवलेली, गणपतीच्या चित्राखाली शोभणारी रचना असते.

येथे जुन्या सॉफ्टवेअरची बाजू मांडणे न्याय्य ठरेल, कारण त्यांनी मदत करण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. फाँट सापडला नाही की पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही दोन्ही पॅनोज नावाच्या पद्धतीने पर्यायी फाँट सुचवीत. या पद्धतीत अक्षराची घडण, जाडी, रुंदीचे प्रमाण अशा गुणांना एकेक अंक देऊन प्रत्येक फाँटची दहा अंकांची पत्रिका मांडलेली असते आणि हरवलेल्या फाँटशी ज्याचे गुण सर्वांत जास्त जुळतात त्याची स्थापना रिकाम्या जागी केली जाते. गुणमेलनाचे हे शास्त्र रोमन अक्षरांवर बेतलेले असल्यामुळे मराठी फाँटच्या जागी एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन असे परदेशी स्थळ निर्धास्तपणे सुचवले जाई, आणि घाईत असलेला ऑपरेटर खाली दिसणारे ‘ओके’ दाबून संमती देई. त्यानंतर ती फाइल जपून ठेवली, म्हणजे सेव्ह केली, की संबंध पक्का झाला.

फाइल न उघडण्याचा हा प्रश्न डीटीपीच्या पहिल्या काळात उद्भवला नव्हता, आणि त्याचे कारण तेव्हाची मंडळी अधिक शहाणी होती हे नव्हे. त्या काळी दुकानाबाहेर फाइल जातच नसे; जात असे ती ट्रेसिंग. लेझर प्रिंटरवर अर्धपारदर्शक कागदावर काढलेले पान, कात्री, सेलोटेप आणि पेस्टिंग करणाऱ्याचा स्थिर हात एवढ्या सामग्रीवर मजकूर छापखान्यात पोहोचे, आणि कागद उघडायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नसे. त्याही आधीच्या खिळेजुळणीच्या युगात, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात शिशाच्या टंकांची पाने जुळवून तयार होत तेव्हा, ‘जुळवलेले पान माझ्या घरी पाठवा, एक अनुस्वार बदलून परत देतो’ अशी मागणी करणारा ग्रंथकार झाला नसावा, कारण त्या पानाचे वजनच मागणीतला अव्यवहार्यपणा लक्षात आणून देण्यास समर्थ होते. संगणकाने पानाचे वजन नाहीसे केले आणि ते कोणालाही पाठवता येते असा समज निर्माण केला. पाठवता येतेच, आक्षेप फक्त पुढच्या क्रियेला आहे.

सॉफ्टवेअर नसलेल्या मनुष्यापर्यंत पान पोहोचवण्याचे जे घरगुती उपाय प्रचलित आहेत त्यांत सर्वांत भाबडा उपाय नामांतराचा होय. फायलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन येणारी तीन-चार अक्षरे, ज्यांवरून ती कोणत्या सॉफ्टवेअरची आहे हे संगणक ओळखतो, ती पुसून त्या जागी ‘पीडीएफ’ असे लिहिले की फाइल पीडीएफ होते अशी श्रद्धा बाळगणारा एक वर्ग आहे, आणि नाव बदलल्याने स्वभाव बदलत नाही हे जगात इतरत्र मान्य करणारी माणसेही येथे प्रयोग करून पाहतात. दुसरा उपाय पडद्याच्या छायाचित्राचा. ऑपरेटर मोबाइल उचलतो, मॉनिटरवरच्या पानाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्या फोटोत पानाबरोबर मॉनिटरचे तिरपे पट्टे, छतावरची ट्यूबलाइट आणि स्वतः ऑपरेटरचे अस्पष्ट प्रतिबिंब येते, आणि व्हॉट्सॲप तो फोटो पाठवताना स्वतःच्या सोयीने आक्रसून घेत असल्यामुळे पोहोचेपर्यंत ‘चि. सौ. कां.’ या तीन संक्षेपांतील टिंबे गळून पडतात. ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ ही सूचना या व्यवसायात आता ‘प्रूफ नीट वाचा’ या सूचनेइतकीच प्राचीन झाली असून पाळलीही तितपतच जाते. अशा फोटोवरून दुरुस्त्या तोंडी सांगितल्या जातात, आणि ‘चौथ्या ओळीत मामांच्या आधी जे काका आहेत त्यांच्या नावातली दुसरी वेलांटी’ अशा स्वरूपाचा आवाजी संदेश जेव्हा तीनदा ऐकावा लागतो तेव्हा मुद्रितशोधनाच्या खुणांची जुनी पद्धत ज्याने शोधली त्याच्याविषयी आदर दुणावतो.

या दुखण्यावर अधिकृत औषध अर्थातच पीडीएफ हे आहे. ॲडोबीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली कॅमलॉट या नावाने जो प्रकल्प मांडला त्याचा हेतूच मुळी असा होता की एका संगणकावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही संगणकावर, तेथे मूळ सॉफ्टवेअर असो वा नसो, जसेच्या तसे दिसावे आणि छापले जावे. म्हणजे फाइल न उघडण्याचे दुःख केवळ पुण्यातल्या पुस्तक-छपाईवाल्यांच्या अप्पा बळवंत चौकापुरते मर्यादित नव्हते. या प्रकल्पातून १९९३ साली पीडीएफ जन्मली, वाचण्याचे सॉफ्टवेअर आरंभी विकत घ्यावे लागे ते पुढे फुकट झाले, आणि २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पीडीएफमध्ये फाँट पानाबरोबरच बांधून दिले जातात, त्यामुळे ‘फूक्ग’ची भीती राहत नाही. इतके झाल्यावर प्रश्न सुटायला हरकत नव्हती. पण पान दिसू लागल्याबरोबर घेणाऱ्याला ते बदलावेसे वाटू लागले, आणि ही इच्छा वॉर्नॉक यांच्या योजनेत धरलेली नव्हती.

‘पीडीएफ मिळाली, छान दिसते, एवढी एक ओळ आम्हीच बदलून घेतो’ या वाक्यात जो विश्वास आहे तो तंत्रज्ञानाला पेलत नाही. पीडीएफ तयार होताना आकार लहान राहावा म्हणून फाँट बहुधा सबंध भरला जात नाही, तर पानावर प्रत्यक्ष आलेली अक्षरेच बरोबर घेतली जातात. परिणामी स्थळ बदलून ‘ठाणे’ लिहावयाचे असेल आणि मूळ पत्रिकेत ‘ठ’ कोठेच आला नसेल, तर त्या फायलीच्या जगात ‘ठ’ अस्तित्वातच नसतो. काही जण पीडीएफमधील मजकूर उचलून वर्डमध्ये नेतात. श्रीलिपीतून उतरलेला मजकूर असेल तर तेथे पुन्हा तीच इंग्रजी अक्षरांची खिचडी भेटते, कारण पीडीएफने रूप सांभाळले होते, अर्थ सांभाळण्याचे वचन दिले नव्हते. युनिकोडमधला मजकूर असला तरी ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकलेली आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बेपत्ता, अशा अवस्थेत तो बाहेर येण्याचा संभव मोठा.

ज्यांना पीडीएफवरही भरवसा नाही अशा फलकवाल्यांनी आणि पत्रिकावाल्यांनी याहून जालीम उपाय स्वीकारला आहे, तो म्हणजे अक्षरांचे ‘कर्व्ह’ करणे. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू या कळा दाबल्या की अक्षरे अक्षरे राहत नाहीत, त्यांच्या कडा रेषांच्या वळणांत रूपांतरित होतात, आणि त्या क्षणापासून संगणकाच्या लेखी ‘शुभविवाह’ आणि शेजारचा नारळ-कलश यांत कोणताही तात्त्विक फरक उरत नाही. फाँटची गरज संपली, तशी दुरुस्तीची सोयही संपली. म्हणून ‘कर्व्ह केलं का?’ हा प्रश्न छापखान्यात फाइल स्वीकारताना प्रथम विचारला जातो, आणि ‘वधूपित्याने शेवटचं वाचलं का?’ हा प्रश्न नंतर, बहुधा फार नंतर. कर्व्ह झालेल्या पत्रिकेत ‘दिनकर’चा ‘दीनकर’ झाल्याचे उघडकीस आले असता मूळ फाइल दुसऱ्या गावी आणि तिचा कर्ता जेवायला गेलेला असतो; तेव्हा छापखान्यातील ऑपरेटर त्या दीर्घ वेलांटीचे चित्र उपसून, आरशात धरल्याप्रमाणे उलटवून, किंचित आखूड करून डाव्या बाजूला रोवतो आणि ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न व्याकरणातून काढून शस्त्रक्रियेच्या कक्षेत आणून सोडवतो. अशा वेलांट्या बारकाईने पाहिल्यास ओळखू येतात. पत्रिका मिळालेल्यांपैकी कोणी इतक्या बारकाईने पाहत नाही, कारण त्यांची नजर आपल्या नावापुढील ‘सहकुटुंब’वर असते.

एवढे उपाय उपलब्ध असताना ग्राहक तरीही ज्या वस्तूचा आग्रह धरतो ती ‘ओपन फाइल’ होय. ओपन फाइल म्हणजे कर्व्ह न केलेली, पीडीएफमध्ये न गोठवलेली, जिच्यात मजकूर बदलता येतो अशी मूळ फाइल, आणि ती मागणाऱ्याकडे ती उघडण्याचे साधन बहुतेक वेळा नसते ही या मागणीची गंमत आहे. आपण पैसे दिले म्हणजे फाइलही आपली, असे ग्राहकाचे म्हणणे. पैसे छपाईचे आणि जुळणीचे घेतले, फाइल ही दुकानाची हत्यारे ठेवण्याची पेटी आहे आणि ती कोणी गिऱ्हाइकाबरोबर पाठवत नाही, असे दुकानदाराचे. आरंभी ज्या झुकलेल्या कलाचा उल्लेख केला तो येथे उपयोगी पडतो. दुकानदाराच्या नकारामागे पुढच्या वर्षीच्या धाकट्या भावाच्या पत्रिकेचे काम हातचे जाऊ नये ही चिंता असते हे खरे, परंतु त्याहून बळकट असे एक कारण आहे, ज्याचा उच्चार तो करत नाही.

ते कारण पानाच्या बाहेर असते. डीटीपीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मुख्य पानाभोवती एक मोकळी जागा सोडलेली असते, तिला पेस्टबोर्ड म्हणतात; तेथे ठेवलेली वस्तू छापली जात नाही, पण फायलीबरोबर राहते. सिद्धहस्त ऑपरेटरच्या पेस्टबोर्डवर सोंड डावी, सोंड उजवी आणि सोंड अस्पष्ट असे निरनिराळे गणपती, दोन तुताऱ्या, एक अक्षतांची मूठ, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीच्या काका, मामा, मावशी आणि आत्या अशा चारही पर्यायी आवृत्त्या, कोणाचे तरी पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, आणि झेरॉक्ससाठी आलेल्या कोणा त्रयस्थाच्या ओळखपत्राची पाठची बाजू असा ऐवज वर्षानुवर्षे साठत गेलेला असतो. खुद्द पानावरही सर्व काही वरून दिसते तसे नसते. मागच्या हंगामातील वधूवरांची नावे पुसण्याचे कष्ट न घेता त्यांच्यावर पांढरा चौकोन ठेवून त्यावर नवी नावे लिहिलेली असतात, आणि छापील पत्रिकेत हा इतिहास अदृश्य असला तरी ओपन फाइल हाती पडलेल्या जिज्ञासू मेहुण्याने तो चौकोन माउसने सरकवला तर दुसऱ्याच दांपत्याचा शुभविवाह त्याच मुहूर्तावर उजेडात येतो.

राजकीय फलकांच्या बाबतीत हे प्रकरण अधिक नाजूक होते. एका तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे दुकान एक, कोरल येणारा मुलगा एक आणि पक्ष अनेक अशी परिस्थिती असता भगव्या, निळ्या, हिरव्या पार्श्वभूमी, हात जोडलेले, हात उंचावलेले आणि मोबाइल कानाला लावलेले भावी आमदार, तसेच ‘विकासाची गंगा’, ‘कार्यसम्राट’ आणि ‘दमदार’ ही विशेषणे एकाच फायलीच्या पेस्टबोर्डवर गुण्यागोविंदाने नांदत असतात, आणि ज्यांची तोंडे व्यासपीठावर परस्परविरुद्ध दिशांना असतात त्यांची छायाचित्रे तेथे खांद्याला खांदा लावून पुढील वाढदिवसाची प्रतीक्षा करतात. ‘भाऊ, ओपन फाइल टाक’ असा निरोप कार्यकर्त्याकडून आला असता त्या मुलाने ‘कर्व्ह करून देतो’ असे उत्तर देणे हे धंद्याचे गुपित राखणे आहे तसेच गावातील शांतता राखणेही आहे.

आवृत्त्यांचा, म्हणजे व्हर्जनचा, प्रश्न या मानाने कोरडा आहे, पण वगळता येत नाही. जुन्या कोरलमध्ये नव्या कोरलची फाइल उघडत नाही, म्हणून ‘खालच्या व्हर्जनला सेव्ह करून द्या’ ही विनवणी कायम चालू असते. इनडिझाइनला पेजमेकरच्या ६.० ते ७.० या आवृत्त्यांच्या फायली पूर्वी उघडता येत, परंतु २०१२ सालच्या सीएस६ या आवृत्तीनंतर ती सोय काढून टाकण्यात आली, तेव्हापासून नव्या आणि महागड्या सॉफ्टवेअरचा धनीसुद्धा ‘सॉफ्टवेअर नसलेला’ या वर्गात आला. मायक्रोसॉफ्टने तर आपले पब्लिशर हे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर करून या वर्गाची भरती घाऊक केली आहे. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोरल, पब्लिशर आणि पेजमेकर यांच्या फायली उघडण्याची सोय परोपकारी प्रोग्रामरांनी करून ठेवली आहे, आणि तिच्यातून निघालेले पान मूळ पानाचे दूरचे नातेवाईक आहे हे चेहऱ्यावरून ओळखू येते. म्हणूनच पुष्कळ प्रकाशनसंस्थांत कोपऱ्यात विंडोज एक्सपी चालवणारा एक पिवळट संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. त्याला इंटरनेट जोडायचे नाही, अपडेट करायचे नाही, पाठीचे डोंगल हलवायचे नाही, आणि तो सुरू करण्याचा अधिकार निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा येणाऱ्या एकाच गृहस्थाला असतो, असे त्याचे सोवळे आहे.

युनिकोड सर्वत्र पोहोचल्यानंतर हा सर्व प्रकार इतिहासजमा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात लेखक युनिकोडमध्ये वर्डची फाइल देतो, ऑपरेटर कन्व्हर्टर नावाच्या रूपांतरकातून ती श्रीलिपीत उतरवतो, कारण त्याच्या पेजमेकरला युनिकोड समजत नाही आणि त्याला पेजमेकर समजतो. पानांची पीडीएफ लेखकाकडे जाते, लेखकाला तिच्यात लिहिता येत नाही म्हणून तो आपल्या मूळ वर्डच्या फायलीत दुरुस्त्या करून ‘बदल लाल रंगात दाखवले आहेत’ अशा चिठ्ठीसह परत धाडतो, आणि ऑपरेटर ते लाल शब्द पाहून पानात हाताने बसवतो. पुस्तक छापून होते तेव्हा त्याचा अंतिम, शुद्ध मजकूर लेखकाकडे नसतो आणि प्रकाशकाकडेही नसतो. तो एका अशा फायलीत असतो जी एका अशा संगणकात आहे ज्याचा मालक पुढे धंदा बदलतो. पंधरा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीची वेळ येते, जपून ठेवलेली सीडी सापडते, फाइल उघडत नाही, आणि विचारविनिमयाअंती सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग म्हणून छापील प्रत एका टंकलेखिकेच्या हाती देऊन संपूर्ण पुस्तक नव्याने टाइप करून घेण्याचे ठरते. ती बाई कामाला चोख असते. समोर दिसेल ते अक्षर न अक्षर उतरवायचे अशी सूचना असल्यामुळे पहिल्या आवृत्तीतील छपाईच्या चुका दुसऱ्या आवृत्तीत जागच्या जागी येतात, आणि शेवटच्या पानावर त्या चुकांचे शुद्धिपत्रही येते, फक्त त्यातील पृष्ठक्रमांक आता जुळत नाहीत.